मथुबाईची नेमणूक

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात मथुबाई नावाची सुईण होती. राजाने तिथे दवाखाना बांधला होता, पण त्याला वैद्य कधी मिळालाच नाही. त्यामुळे जखमा बांधणं, काढे देणं, बाळंतपणं करणं, सगळं मथुबाईच बघायची. तिच्या हाताला यश होतं. अडलेल्या बायका ती सुखरूप मोकळ्या करायची.

तिची कीर्ती राजाच्या कानावर गेली. राजा खूश होऊन म्हणाला, "एवढी हुशार बाई खेड्यात कशाला? तिला राजधानीत आणा. बाकीच्या सुइणींवर देखरेख ठेवू दे."

मथुबाई राजधानीत आली. कचेरीत तिला बसायला गादी मिळाली. एक दिवस तिने कारभाऱ्याला विचारलं, "साहेब, माझ्या गावाला दुसरी सुईण कधी देणार?"

"तिथली जागा रिकामी नाही. तुमची नेमणूक अजून तिथेच आहे."

"पण मी तर इथे आहे!"

"ते मला दिसतंय," कारभारी म्हणाला. "पण सरकारच्या लेखी तुम्ही तिथेच आहात."

उन्हाळ्यात एका सकाळी गावचा सटवा सुतार धापा टाकत कचेरीत आला. त्याची बायको चिमा पहिलटकरीण होती.

"मथुबाई, चिमा कालपासून अडलीय. गाडी जुंपून आणलीय. चला!"

मथुबाई तशीच उठली. कारभारी म्हणाला, "राजाच्या हुकमाने आलात, हुकमाशिवाय जाता येणार नाही. सुइणींचा कारभार राजवैद्यांकडे आहे, त्यांची परवानगी घ्या."

"कुठे आहेत ते?"

"शिकारीला गेलेत. येतील."

मथुबाई दारापर्यंत गेली आणि थबकली. तिच्याबरोबर राजधानीत आलेला नवरा अंथरुणाला खिळलेला होता. नोकरी गेली तर त्याला कोण बघणार?

"थोडं थांब बाबा," ती सटव्याला म्हणाली. "परवानगी येऊ दे."

"ती तिकडं तुमचं नाव घेऊन ओरडतीय, मथुबाई."

मथुबाईने मान खाली घातली. सटवा रिकामी गाडी घेऊन परत गेला.

परवानगी दुसऱ्या दिवशी आली. मथुबाई गावात पोहोचली तेव्हा सटव्याच्या दारात माणसं जमली होती. कुणी रडत नव्हतं. रडणं आधीच होऊन गेलं होतं. चिमा गेली होती, आणि मूलही.

सटव्याने तिला शिव्या दिल्या नाहीत. त्याने एवढंच विचारलं, "मिळाली का परवानगी?"



राजधानीत परतल्यावर कारभारी म्हणाला, "तुम्ही नियमाने वागलात. तुमच्यावर काही ठपका नाही." ते ऐकून मथुबाईला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ती तडक राजासमोर गेली, घडलेलं सगळं सांगितलं आणि हात जोडून म्हणाली, "मला गावी परत पाठवा."

राजाचे डोळे भरून आले. "याची कसून चौकशी झाली पाहिजे," तो म्हणाला. "तोवर मथुबाईने जबाब द्यायला इथेच थांबावं."

चौकशीला जाणकार माणूस हवा होता. म्हणून शेजारच्या गावचा वैद्य राजधानीत बोलावून घेतला. त्या गावात तो एकटाच होता. आजवर तो परत गेलेला नाही.

तात्पर्य: ज्या राज्यात रोग्यापेक्षा हुकूम मोठा ठरतो, तिथे दयाळू राजाही कुणाला वाचवू शकत नाही, आणि कुणाचा जीव जात असताना परवानगीची वाट बघत बसणारा भला माणूसही त्या मरणाचा वाटेकरी होतो.