मधमाशी म्हणवणारा राजा

राजे उदाजीरावांनी नव्या महालासाठी डोंगरातल्या गावांमधून माणसं वेठीला धरली. चार वर्षांनी महाल उभा राहिला, तेव्हा भरल्या दरबारात ते मिशीवर हात फिरवत म्हणाले, "मधमाशी मध नेते, पण फुलाला दुखवत नाही. मीही प्रजेकडून तसंच घेतलं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मधाचा घडा घेऊन आलेला म्हातारा लखमा ठाकर मात्र तसाच उभा होता. राजांनी विचारलं, "का रे, तू मोहोळं उतरवणारा. माझं काही चुकलं का?"

"सरकार, माशी बसून गेली की झाडाला फळ धरतं. तुमचे शिपाई आमच्या गावात बसून गेले आणि शेतं पडीक राहिली. तुम्ही माशी नाही, माझ्यासारखे आहात. मीही आधी धूर करतो, माशा पळाल्या की मध घेतो."

दिवाण त्याच्यावर धावून गेले. राजांनी त्यांना थांबवलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः लखमाच्या गावी गेले. बावीस घरांपैकी दोनच घरांत चूल पेटत होती. बाकीचे घाट उतरून परमुलखात गेले होते, लखमाचा मुलगाही.

राजांनी वेठ बंद केली, परत या म्हणून घाटाखाली दवंडी पिटवली, वर्षभर वाट पाहिली. कुणीही परतलं नाही.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?" राजांनी एकदा लखमाला विचारलं.

"तुम्ही विचारलं नाहीत, सरकार, आणि मी भ्यालो. जाताना पोरानंही मला हेच विचारलं होतं."