चांदणीचा सत्कार

फार पूर्वी, शेळ्यामेंढ्याही मतदान करायच्या त्या काळी, चांदणी नावाची शेळी दूर शहरात शिकून आली आणि कळपाची सरपंच झाली. तिला वाटलं होतं, आधी कुंपणाचं खिंडार बुजवायला सांगतील. पण सगळे झेंडूचे हार घेऊन आले.

ती खिंडाराबद्दल बोलू लागली की हार तोंडाशी यायचा, आणि शेळीच ती, भाषण सोडून हार खायची.

"ताई, कुंपण कुठं पळतंय? आधी सत्कार!" म्हातारा बोकड म्हणायचा.

संध्याकाळी सगळ्यांत जाड हार घेऊन लांडगा आला, त्याच खिंडारातून. "ताई, असंच नेतृत्व हवं होतं!"

तिनं चघळत मान डोलावली. जाताना त्यानं बोकडाची शेपटी तोडून नेली.

सकाळी चांदणीनं फर्मावलं, "ज्याला माझा सत्कार करायचाय, त्यानं बाभळीच्या काट्यांचा हार आणावा आणि खिंडाराला घालावा."