सगुणाताईचा चुकलेला नेम

माळावरच्या एका गावात सगुणा नावाची ताडमाड उंच मुलगी होती. "हिला नवरा बघायचा तर शिडी लावून," असं म्हणून गाव हसायचं. हसू द्या. त्याच उंचीवर ती बास्केटबॉल खेळली, देशाच्या संघात गेली, आणि हिचा नेम चुकत नाही असं नाव कमावून बसली.

वय झालं, गुडघे गेले, खांदा दुखू लागला. सगुणाताई गावी परतली. पोरींना शिकवायचं म्हणून तिनं बाजारामागच्या पडीक जागेत खांब रोवून लोखंडी कड्या बसवल्या. सरपंच म्हणाले, "ताई, दिवाळीपर्यंत पोरी टिकल्या तर जागा तुमची. नाहीतर तिथं टेम्पो उभे करू."

पोरी आल्या. ताई शिट्टी घेऊन कडेला उभी. चेंडू कडीबाहेर गेला की ओरडायची, "हात मोडलाय का गं?" स्वतः मात्र चेंडूला हात लावायची नाही. आता आपला नेम चुकेल आणि लोक बघतील, ही धास्ती. एवढी मोठी बाई, आणि भ्यायली कशाला, तर हसण्याला!

एकेक पोर गळाली. दिवाळी तोंडावर आली तेव्हा एकटी पारू उरली होती. तीही चपला घालत म्हणाली, "ताई, उद्यापासून मी पण नाही येत. तुम्ही कधी चुकत नाही. तुमच्यापुढं चुकायची लाज वाटते."

ताईनं गळ्यातली शिट्टी काढली, चेंडू उचलला आणि टाकला. चेंडू कडीला शिवलासुद्धा नाही. कुंपणावरून थेट शेजारच्या म्हशीच्या पाण्याच्या हौदात धप्पकन पडला. म्हैस दचकून उठली.

पारू बघतच राहिली. मग फिसकन हसली. "ताई, म्हशीला पण संघात घेतलं का?"

ताईच्या छातीवरचा धोंडा उतरला. तीही पोट धरून हसली. "घेतलं! ती तरी सोडून जात नाही."

"थांबा, मी टाकते," म्हणत पारूनं चपला भिरकावल्या.

पारूनं ही गोष्ट गावभर केली. दुसऱ्या दिवशी पोरी आल्या त्या ताई कशी चुकते ते बघायला, आणि थांबल्या खेळायला. दिवाळीत टेम्पो आला, तेव्हा सरपंचच हात आडवा करून ओरडले, "माघारी घे रे! पोरी खेळतायत, दिसत नाही का?"

तात्पर्य: मोठ्यांनी आपली चूक झाकली की लहानांचा हात उचलत नाही, शिकवायचं असेल तर आधी चारचौघांत चुकायची हिंमत ठेवा.