पहिली चोच कुणाची

खूप वर्षांमागं, राजा गडावर राहायचा आणि रयत पायथ्याशी, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

पायथ्याच्या एका वाडीत चिमा नावाची बाई राहायची. तिच्या नवऱ्याचं नाव सावळा. त्यांच्या दारात कोंबड्या होत्या, आणि चिमाचा सगळा जीव त्या कोंबड्यांत होता. मागच्या साली घारीनं तिची एकूण एक पिल्लं उचलून नेली. तेव्हा ती कितीतरी दिवस धड जेवली नव्हती.

या साली तिनं पुन्हा खुडुक कोंबड्यांखाली अंडी बसवली. पिल्लं निघाली ती पडवीभर. चिमानं मनाशी ठरवलं, यंदा एकही जाऊ द्यायचं नाही. तिनं बांबूचं मोठं डालगं पालथं घातलं, सगळी पिल्लं त्याखाली कोंडली आणि वर गोणपाट टाकलं. दाणा आत, पाणी आत.

"आता ये म्हणावं घारीला," असं म्हणून ती निर्धास्त झाली.

पिल्लांच्या अंगावर पिसं फुटू लागली. अशात एके सकाळी चिमानं डालगं उचललं, तर ठिपक्यांचं एक पिल्लू कडेला थरथरत उभं. त्याच्या शेपटीपाशी जखम होती, रक्त ओघळत होतं.

तिला वाटलं, उंदीर. पण डालग्याला कुठं भोक नव्हतं. मग तिची नजर एका तांबड्या नर पिल्लावर गेली. सगळ्यांत तो दांडगा, आणि त्याच्या चोचीला रक्त लागलेलं.

"भावंडांना खातोस?" चिमा म्हणाली. तिनं त्याला उचललं आणि पलीकडच्या वाडीतल्या नणंदेला देऊन टाकलं. ठिपक्याच्या जखमेला हळद लावली आणि त्याला घरात चुलीपाशी टोपलीत ठेवलं.

तिला वाटलं, संपलं.

दुसऱ्या सकाळी एका काळ्या पिल्लाची पाठ सोललेली. आता रक्त एका पांढऱ्या पिल्लाच्या चोचीला. चिमानं पांढऱ्याला वेगळं काढलं, तर तिसऱ्याच पिल्लाला जखम. कुणाला धरावं, कुणाला सोडावं, तिला उमजेना.

सावळा म्हणाला, "जखमी आहेत तीच कापून टाक. रक्त नाही, तर भांडण नाही."

"मार खाल्ला त्यांनी, आणि कापायचं पण त्यांनाच?" चिमा म्हणाली.

सावळा बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

त्यातच नणंद आली. चिमानं भीत भीत विचारलं, "वन्सं, तो तांबडा फार मारतो का हो तुमच्या पिल्लांना?"

"तो? छे गं," नणंद म्हणाली. "दिवसभर परसात उकिरडा उकरतो. आमच्या बारक्या पिल्लांना शेजारी घेऊन निजतो. गुणाचं आहे हो तुझं पिल्लू."

चिमाचं डोकं चालेना. इथं गुन्हेगार आणि तिथं गुणाचा, हे कसं?

एव्हाना ठिपक्याची जखम भरून आली होती. तिनं त्याला पुन्हा डालग्यात सोडलं आणि गोणपाटाची कड उचलून बघत जवळच बसून राहिली. जरा वेळ बरा गेला. मग ठिपक्याला काळ्याच्या पाठीवरची लाल जखम दिसली. त्यानं मान वाकडी केली, नीट पाहिलं आणि चोच मारली. मग पुन्हा मारली. बाकीची धावली. चिमा हात घालीपर्यंत काळं पिल्लू आडवं झालं होतं.

त्यानं तिच्या ओंजळीतच जीव सोडला. तिला ठिपक्याचा राग आला, रडूही आलं. चुलीपाशी तिनं त्याला आपल्या हातानं दाणे भरवले होते.

ते मेलेलं पिल्लू पदरात घेऊन ती हौसाआत्याकडं गेली. हौसाआत्या वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई. चिमानं तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, "आत्या, ज्यानं सोसलं त्यानंच मारलं. मग वाईट तरी कोण?"

हौसाआत्या म्हणाली, "ते मला नाही सांगता यायचं. लाल दिसलं की टोचायचं, एवढं पिल्लाला ठाऊक. ते रक्त आहे हे त्याला कोण सांगणार? पण मला एक सांग, तू त्यांना मोकळी कधी सोडतेस?"

"सोडत नाही. घार आहे ना."

"मग ती दिवसभर टोचणार काय? माती नाही, किडा नाही, पाला नाही. समोर आहे ते भावाचं अंग."

चिमा घरी आली आणि डालग्यावरचं गोणपाट काढलं. आतून ऊन ऊन वाफ आली, उग्र वास आला. पिल्लं केवढाली झाली होती. एकमेकांच्या पायांवर पाय देऊन उभी होती. पाण्याशी पोचायला जागा नव्हती. हे सगळं रोज तिच्या डोळ्यांसमोर होतं, पण ती रोज फक्त चोची बघत होती.

तिनं आधी जखमी पिल्लं वेगळी केली. कडुनिंबाच्या तेलात काजळी कालवून जखमांवर लावली, म्हणजे लाल दिसू नये. सावळ्यानं बोरीच्या काट्या आणून अंगणाच्या कडेला रचल्या, म्हणजे घार आली तर पिल्लांना खाली शिरता यावं. टोचायला मेथीच्या जुड्या दोरीला टांगल्या, पाण्याची भांडी लांब लांब ठेवली. मग चिमानं डालगं उचललं.

पिल्लं आधी बावरली. मग पांगली, माती उकरू लागली. ठिपक्याला एक किडा सापडला, तो घेऊन ते पळत सुटलं.

घार आलीच. काठी घेऊन चिमा धावली, तरी एक पिल्लू गेलं. ती खूप हळहळली. पण तिनं डालगं पुन्हा पालथं घातलं नाही. जखमी होती ती बरी होऊन कळपात मिसळली, आणि त्या अंगणात पुन्हा कुणी कुणाचं रक्त काढलं नाही.

पुढं एकदा दाणे टाकताना सावळ्यानं विचारलं, "चिमे, पण पहिली चोच मारली कुणी असेल गं?"

चिमानं पिल्लांकडं पाहिलं. सगळी सारखीच दाणे टिपत होती.

"ठाऊक नाही," ती म्हणाली. "कोंडलं मी, एवढं ठाऊक आहे."

म्हणून म्हणतात: पहिली चोच कुणाची हे शोधण्याआधी जखम झाकावी आणि जागा मोकळी करावी.