ओंजळीच्या वशाची कहाणी

ऐका आसरामाउल्यांनो, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं. नगराला वेशी चार, पण विहीर एकच, आणि तीही खोल. तिथं गिरजाई म्हणून एक गरीब ब्राह्मणीण राहत असे. घरात दुसरं कोणी नाही, लेकीची लेक येसू तेवढी. लेक देवाघरी गेली होती. पोर चार वर्षांची. आजी हीच तिची आई.

एका वर्षी उन्हाळा भारी पडला. विहीर तळाला गेली. गिरजाईनं दुपारभर पोहरा सोडला, ओढला, तेव्हा ओंजळभर पाणी आलं. इतक्यात तिथं सात बाया आल्या. लुगडी ओलीचिंब, पायांना शेवाळ. म्हणाल्या, "बाई बाई, तहान लागली." गिरजाईच्या मनात आलं, पाणी एवढंसं, घरी येसू वाट बघते. तरी तिनं ओंजळ पुढं केली. सातीजणी प्यायल्या, ओंजळ भरलेलीच. मग तिनं ओळखलं, ह्या पाण्याच्या देवी, ह्या साती आसरा. तिनं पाय धरले.

आसरा म्हणाल्या, "तुला वसा देतो. पण उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, टाकणार नाही. वशाला काय करावं?"

"पहिलं पाणी आपण पिऊ नये, दुसऱ्याला द्यावं. मग विहिरीच्या काठी बसून पाच शब्द म्हणावे. पाणी हाताशी येईल." असं म्हणून त्यांनी पाच शब्द तिच्या कानात सांगितले.

गिरजाईनं विचारलं, "कोणी मागितले तर?"

"द्यावे. पण आधी मागणारीच्या ओंजळीत पाणी घालावं आणि बघावं. पाणी दुसऱ्याकडे वळलं, तर तिचा अधिकार. नाही वळलं, तर हसून घरी पाठवावं. ओंजळीवाचून शब्द सांगू नयेत." म्हणून ते शब्द ह्या कहाणीतही नाहीत. कोणी विचारू नये.

गिरजाईनं वसा धरला. पाणी वर येई, नगर पिई. बाया म्हणत, "गिरजाई आली, पाणी आलं!"

राजवाड्याच्या मागच्या दारी झाडलोट करणारी एक भिवरा होती. तिला विहिरीची पायरी चढायची मुभा नव्हती. ती खाली मडकं घेऊन बसे. वरून कुणाला आठवलं तर पाणी घाली. ती एके दिवशी म्हणाली, "आई, मला वसा द्याल?" गिरजाई म्हणाली, "अगं, तुला पायरी नाही, वसा कुठला?" दुसऱ्या दिवशी मागितला. "उद्या बघू." तिसऱ्या दिवशी मागितला. "भिवरे, तुझा अधिकार नाही गं. मला पाप लावू नकोस."

भिवरा म्हणाली, "बरं आई. पाणी तेवढं घाला." पाणी घेतलं, आणि आपण प्यायच्या आधी चिमण्यांच्या खापरात ओतलं. गिरजाईनं ते पाहिलं, पण मनावर घेतलं नाही.

मग काय झालं? एके दिवशी दारात मेणा आला. राणीनं बोलावलं होतं. राणीनं गिरजाईला पाटावर बसवलं, अंगावर शालू घातला, मनगटाला अत्तर लावलं. म्हणाली, "बाई, मला हौदात कमळं लावायची आहेत. ते शब्द सांगा."

"राणीसाहेब, आधी वसा. पहिलं पाणी दुसऱ्याला…"

"ते तुम्ही करा हो! मला शब्द तेवढे पुरेत."

"निदान ओंजळ तरी धरा. मी पाणी घालते, मग…"

राणीच्या भुवया वर गेल्या. "माझी परीक्षा?" दासी फिसकन हसल्या. एक म्हणाली, "शालू नेसला तरी जीभ जुनेरंच नेसते बाई!"

गिरजाई ओशाळली. मग तिला वाटलं, एवढ्या नगरात पाट मला एकटीला मिळाला. उतली, मातली. ओंजळीवाचून पाच शब्द राणीच्या कानात सांगितले. वर पिंजऱ्यात पोपट होता. त्यानंही ऐकले.

राणीनं एकदा म्हटले, हौद भरला. ती विसरली. पोपट कसला विसरतो? त्यानं सकाळी म्हटले, दुपारी म्हटले, संध्याकाळी म्हटले. हौद ओसंडला. पाणी महालात शिरलं, गाद्या भिजल्या. राणी ओरडली, "अगं, कुणी गप्प करा त्याला!" दासींनी पेरू दिला, मिरची दिली. पोपटानं पेरू खाल्ला, मिरची खाल्ली, आणि पुन्हा पाच शब्द म्हटले. पाणी आलं, कोणी प्यायलं नाही, कोणी कोणाला दिलं नाही. मग पाणी रुसलं आणि पाताळात गेलं. हौद आटला, विहीर आटली, ओढा आटला.

गिरजाई काठी बसली. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, तीनदा म्हटलं. विहीर बोलेना. दोन दिवस गेले, तिसरा उजाडला. येसूला ताप भरला. ओठ सुकले. म्हणे, "आजी, पाणी." गिरजाई विहिरीकडे धावली. "माउल्यांनो, मी चुकले. मला काय ती शिक्षा करा, पोरीला नको."

खालून आवाज आला, "बाई, आम्ही शिक्षा करत नाही. शब्द म्हणजे बी. खडकावर टाकलंस आणि ओल्या मातीला नाही म्हणालीस. आता ते तुझ्या तोंडी वाळले. जिनं वसा न घेता पाळला, तिला वसा दे. ती हाक मारील, तेव्हा आम्ही येऊ. पण ओंजळ चुकवू नको."

गिरजाईला दुसरं काही विचारावं लागलं नाही. चिमण्यांचं खापर डोळ्यांपुढं उभं राहिलं. घरी आली. मडक्याच्या तळाशी ओंजळभर पाणी होतं. ते येसूसाठी घोटघोट राखलेलं, शेवटचं. पोरीला पाजावं, तर उद्या काय? दुसरीच्या हातात घालावं, तर आज काय? तिनं पाणी तांब्यात घेतलं, येसूला कडेवर घेतलं, आणि राजवाड्याच्या मागच्या दारी गेली.

भिवरा भिंतीला टेकून बसली होती. वरून घालायला पाणी नव्हतं, म्हणून तीन दिवस तहानलेली. गिरजाई म्हणाली, "भिवरे, हात पुढं कर." भिवरानं सवयीनं मडकं पुढं केलं.

"मडकं नको. ओंजळ कर."

"आई, तुम्हाला चालायचं नाही."

"चालेल. इतके दिवस चालवलं नाही, तेच चुकलं."

भिवरानं ओंजळ केली. पाणी पडलं. तिचे ओठ तहानेनं फुटलेले होते. गिरजाई बघत राहिली. भिवरानं पाण्याकडे पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं. "ये गं बाय, पी." येसू एक घोट प्यायली, दोन घोट प्यायली, तीन घोट प्यायली. बोटांना उरलं ते भिवरानं चिमण्यांच्या खापरात निपटलं.

गिरजाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती खाली बसली, आणि भिवराच्या कानात पाच शब्द सांगितले. दर शब्दाला भिवरानं हुंकार दिला. मग गिरजाईनं तिचा हात धरला आणि विहिरीवर नेली. लोक म्हणाले, "अहो, ही काठावर?" गिरजाई म्हणाली, "मी आणली. तहान लागली असेल तर वाट सोडा."

भिवरा पायरी चढली. शब्द म्हटले. खाली गुडगुड झालं, पाणी एक पायरी आलं, दोन आलं, हाताशी आलं. भिवरानं आधी सगळ्यांची मडकी भरली. येसूचा ताप उतरला. सगळ्यांत शेवटी भिवरा प्यायली, ती गिरजाईच्या ओंजळीतून.

इतक्यात राणी आली. मेणा नाही, पायांत काही नाही, हातात पिंजरा. "बाई, माझं चुकलं. मला वसा मिळेल?" गिरजाईनं भिवराकडे बोट दाखवलं. भिवरानं राणीच्या ओंजळीत पाणी घातलं. राणीनं ओंजळ ओठांशी नेली. पोपट चोच वासून बघत होता. राणी थांबली, आणि पाणी त्याला पाजलं.

भिवरा हसली. "झाली सुरुवात. पण शब्द आज नाहीत. बारा महिने ओंजळ वळवा, मग या."

राणी म्हणाली, "बरं आई."

पोपट पाणी प्यायला आणि पाच शब्द विसरला. त्या दिवसापासून येणाऱ्याला नुसतं म्हणे, "पाणी घ्या, पाणी घ्या!"

जशा आसरा गिरजाईवर रागावल्या नाहीत, भिवराला भेटल्या, राणीसाठी थांबल्या, तशा तुम्हांआम्हांला भेटोत. आपल्या ओंजळीतलं योग्य हाती जावो, आणि योग्य हात आपल्याला ओळखू येवोत. साठां उत्तरांची ही कहाणी पांचा उत्तरीं तुमच्या ओंजळीत घातली, सुफळ संपूर्ण झाली.