पालखीतून उतरलेला राजा

एका राज्यात एका उंच डोंगरावर एक गड होता आणि गडावर पृथुसेन नावाचा राजा होता. देवळात जायला पालखी, बागेत जायला पालखी, जेवायला जायलाही पालखी. भोई बिचारे घामाघूम होत आणि राजा पडद्याआड पेंगत असे.

एकदा एक मांत्रिक महादरवाजाशी भेटीला आला. राजा काही पालखीतून खाली उतरला नाही. मांत्रिक संतापून म्हणाला, "हे दार उघडावे म्हणून ज्या दिवशी तुझा जीव तळमळेल, त्याच दिवशी ते उघडणार नाही." पुढचे ऐकायला राजा थांबलाच नाही. पडदा ओढून निघून गेला.

वर्षे गेली. राजाची लाडकी लेक कुमुदिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि दार मिटले ते मिटलेच. हत्तींनी धडका दिल्या, तरी ते हलेना. बाहेर लेकीला कळा सुरू झाल्या.

तेव्हा पालखीच्या दांड्यावर रोज येऊन बसणारी एक साळुंकी म्हणाली, "महाराज, मांत्रिकाचे पुढचे बोल मी मागे थांबून ऐकले होते. आपल्या पायांनी गडाला एक फेरी घालायची, वाटेत अडलेल्याला हात द्यायचा आणि सूर्य मावळायच्या आत दाराशी यायचे."

"आजवर बोलली का नाहीस?"

"आजवर आपण विचारलेत कधी?"

राजा उतरला आणि तटावरून चालू लागला. पहिल्याच चढाला दम लागला. जोडे चावू लागले, तेव्हा त्याने ते भिरकावून दिले. भोई गालातल्या गालात हसले.

पाण्याच्या टाक्यापाशी एक कासव उताणे पडले होते. "महाराज, मला सुलटे करा." राजा जन्मात प्रथमच वाकला. पोट आडवे आले, पण कासव सुलटे झाले आणि डुबकन पाण्यात गेले.

पुढे बुरुजावरच्या दगडी सिंहाने मान वळवली. "पिढ्यान्‌पिढ्या पाठ खाजते आहे. माझा पंजा पुरत नाही." राजाने दोन्ही हातांनी खराखरा खाजवले. सिंहाने असा सुस्कारा सोडला की भोवतीचे गवत आडवे झाले. राजाला हसू फुटले. तटावर पिवळी फुले डोलत होती, गार वारा सुटला होता. आपला गड इतका देखणा आहे हे त्याला ठाऊकच नव्हते.

शेवटच्या वळणावर सोन्याची पालखी भोयांवाचून तरंगत उभी होती. "बसावे महाराज. क्षणात दाराशी पोहोचवते." सूर्य डोंगराला टेकला होता, राजाचे तळवे सोलवटले होते. त्याने दांड्याला हात लावला. इतक्यात तटाखालून लेकीचे कण्हणे ऐकू आले.

राजाने हात मागे घेतला. "तू जा. माझी लेक आली आहे. तिला सामोरा मी चालत जाणार."

पालखीची माती झाली आणि राजा धावत सुटला.

तो पोहोचताच दार आपोआप उघडले. दासीच्या हातातला भाकरतुकडा घेऊन राजाने तो स्वतः लेकीवरून ओवाळून टाकला. त्याचे धुळीने भरलेले पाय पाहून कुमुदिनी कळा विसरली.

"आबासाहेब, आपण चालत आलात?"

"चालत कुठला, धावत आलो," राजा म्हणाला आणि त्याला रडू कोसळले.

दिवेलागणीला नात जन्मली. पुढे रोज संध्याकाळी ती आजोबांच्या खांद्यावर बसून गडाची फेरी घाली, आणि सिंह खाजवून घ्यायला तिच्यापुढे हळूच पाठ करी. जुन्या पालखीत भोयांच्या कोंबड्या अंडी घालू लागल्या. राजा चालला, दार उघडले, आणि ही गोष्टही सुखाने घरी पोहोचली.