दस्तगीरचाचांची सळी

“…आणि पुरा आठ फूट खाली गेला?” दस्तगीरचाचांनी विचारलं.

“पुरा,” कल्याणी म्हणाली.

विट्याकडच्या त्या माळावर ती दोन वर्षं चाचांच्या हाताखाली वायरिंग शिकत होती. हौसाक्काच्या नव्या घराचं अर्थिंग हे तिचं एकटीनं केलेलं पहिलं काम. घरात कुठं वीज फुटलीच, तर ती माणसाच्या अंगातून न जाता मातीत उतरावी, म्हणून परसात आठ फुटी रॉड ठोकायचा होता. ते झालं की चाचा तिच्या अनुभवाच्या दाखल्यावर सही करणार होते. दाखला उद्या वायरमनच्या परीक्षेच्या अर्जाला जोडायचा होता. अर्ज चुकला की वर्ष गेलं, आणि घरी तर स्थळं बघायला आत्ताच सुरुवात झाली होती.

चाचा उकिडवे बसले. हातातली सळी त्यांनी शेजारी ठेवली. हा म्हातारा काठी सोडून असली जड लोखंडी सळी घेऊन का हिंडतो, ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे कुत्र्यांसाठी, कुणी म्हणे डोकंच तसलं.

जमिनीवर वीतभर राहिलेल्या रॉडच्या टोकावरून त्यांनी अंगठा फिरवला.

“डोकं सपाट आहे गं याचं.”

घणाखाली गेलेल्या रॉडचं डोकं फुलतं, कडेनं पसरतं, हे कल्याणीला चाचांनीच शिकवलं होतं. करवत चालवताना नेमकं तेच ती विसरली.

पण हार मानेल ती कल्याणी कसली.

“तीन फुटांवर खडक लागला,” ती ताठ मानेनं म्हणाली. “दोन तास घण घातला. हाताला फोड आलेत, हे बघा. मग कापला. सगळेच कापतात.”

“सगळे…”

“मातीखालचं कोण बघतंय, चाचा? झाकली मूठ सव्वा लाखाची. दिवे लागलेत, मोटर चालतीय. सही करायची तर करा, नसली करायची तर नका करू. मी पाया पडणार नाही.”

चाचांनी खिशातून पेन काढलं, तिच्या हातातला कागद गुडघ्यावर घेतला आणि सही करून टाकली.

“घे.”

जिंकलो म्हणायचं, असं तिला वाटलं. पण छाती काही हलकी होईना.

चाचांनी मागं वळून हाक दिली. “हौसाक्का, झालं बघ काम. भिंतीला पाणी मारायचं होतं ना? लाव मोटर.”

हौसाक्का परसात आली. नव्या गिलाव्याला दिवसातून तीनदा पाणी मारून सगळीकडं चिखल झालेला. लुगडं वर खोचलेलं, पाय अनवाणी, हात ओले. मोटरीच्या लोखंडी पेटीकडं ती चालायला लागली.

चाचा मोटरीकडं बघत नव्हते. कल्याणीकडं बघत होते.

एक पाऊल… दोन…

“अक्का, पेटीला हात लावू नका.”

हौसाक्का जागच्या जागी थांबली. “का गं? झालं म्हणाले की चाचा.”

“नाही झालं. काम माझं आहे, मी सांगते. नाही झालं.”

रागानं तिचे डोळे भरले होते. कुणावर राग, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. तिनं कागद चाचांच्या पुढ्यात टाकला.

“घ्या तुमची सही. पण खरं सांगा, चाचा. तुम्ही आयुष्यात कधीच खडकापुढं हात टेकले नाहीत? एकदासुद्धा?”

चाचांनी कागद उचलला, झटकला, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्या घणाखाली दाबून ठेवला.

“कापलेला तुकडा आण,” ते म्हणाले.

सरपणाच्या ढिगात लपवलेला चारएक फुटी तुकडा तिनं ओढून आणला. चाचांनी तो मातीत आडवा ठेवला. त्याच्या शेजारी आपली सळी ठेवली.

लांबी जवळपास सारखीच. दोन्हींचं एक टोक करवतीनं कापलेलं. दोन्हींचं दुसरं टोक घणानं फुललेलं. चाचांच्या सळीचं तेवढं तळहातानं घासून घासून गुळगुळीत झालं होतं.

कल्याणी कितीतरी वेळ बघत राहिली. तिचा ताठा कुठल्या कुठं गेला.

“कुणाचं घर होतं, चाचा?”

चाचांनी आपली सळी उचलून घेतली.

“चाचा?”

“घर अजून उभं आहे,” चाचा म्हणाले. “माणसांचं विचारू नको. पहार घे, नवा रॉड तिकडं ठोकू, त्या लिंबाखाली माती खोल आहे.”